बुर्ग एल्ट्झ (जर्मनी) : वाटण्या होऊनही एकसंध राहिलेला किल्ला

मोझेलकाठी

ऱ्हाइन आणि मोझेलच्या काठाने ट्रेनने गेलं की खिडकीतून एकामागून एक किल्ले दिसत राहतात, पण त्यातले बरेचसे पडके, नाहीतर एकोणिसाव्या शतकात हौसेने पुन्हा उभारलेले. बुर्ग एल्ट्झ त्यातला नाही. तो कधी जमीनदोस्त झालाच नाही आणि ज्या घराण्याने बांधला त्याच घराण्याकडे आजही आहे. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या ११५७ च्या एका दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडॉल्फ फॉन एल्ट्झ असं नाव आहे, तिथपासून धरलं तर साडेआठशे वर्षांच्या वर झाली. आईबाबा इकडे आले होते म्हणून त्यांना घेऊन गेलो होतो आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला पहिला धक्का हा बसतो की किल्ला वर नाही, खाली आहे. म्हणजे पार्किंगपासून जंगलातल्या रस्त्याने उतरत यायचं, एका वळणावर झाडी संपते आणि खाली दरीत सत्तरेक मीटर उंचीच्या खडकावर तो उभा दिसतो, तीन बाजूंनी एल्झबाख नावाचा ओढा वळसा घालून गेलेला. आजूबाजूचे डोंगर किल्ल्यापेक्षा उंच. मोझेलच्या खोऱ्यातून वर आयफेलच्या डोंगराळ भागाकडे जाणारी जुनी व्यापारी वाट इथूनच जायची, तिच्यावर नजर ठेवायला ही जागा निवडली.

पण मला लिहायचंय ते वाटणीबद्दल. १२६८ च्या आधी एलियास, विल्हेल्म आणि थिओडेरिश या तीन भावांमध्ये किल्ल्याची आणि जमिनीची वाटणी झाली. तीन शाखा झाल्या, त्यांना पुढे केम्पेनिश, र्‍यूबेनाख आणि रोडेनडॉर्फ अशी नावं पडली. आता जागा केवढी, तर खडकाचा माथा. रुंदीला वाव नाही म्हणून प्रत्येक शाखेने आपापलं घर वर वर चढवलं. तीस-चाळीस मीटर उंचीची ही घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, मध्ये एक छोटंसं अंगण आणि ते सगळ्यांचं. र्‍यूबेनाखांचं घर १४७२ मध्ये पुरं झालं, बाकीच्यांची कामं पुढे सतराव्या शतकापर्यंत चालू राहिली, त्यामुळे अंगणात उभं राहून मान वर करून गोल फिरलं की चारपाचशे वर्षांची बांधकामं एका नजरेत दिसतात, कुठे उघडा दगड, कुठे गिलावा, कुठे लाकडी चौकटीत भरलेल्या भिंती, कोणाचा सज्जा पुढे आलेला, कोणाचा बुरूज टोकदार. कुठल्याही एका माणसाने आराखडा काढून हे केलेलं नाही आणि म्हणूनच ते इतकं सुंदर दिसतं असं माझं ठाम मत झालंय.

गावाकडचा सामाईक चौकाचा वाडा ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की इथे दार, वाट, पाणी, पहारा, दुरुस्ती, कोणी कोणावर हत्यार उपसायचं नाही, हे सगळं भाऊबंदांनी लेखी करून ठेवलं होतं. तसे करार तेव्हा जर्मनीत अशा सामाईक किल्ल्यांमध्ये होत असत, त्यांना बुर्गफ्रीडन म्हणायचे. भरभराटीच्या काळात शंभरेक माणसं इथे राहायची.

आत गाईडबरोबरच जाता येतं, पाऊणएक तास लागतो. र्‍यूबेनाख आणि रोडेनडॉर्फ या दोन शाखांच्या घरातला भाग दाखवतात, केम्पेनिश भाग मालक घराण्याने स्वतःकडे ठेवलाय. र्‍यूबेनाखांच्या खालच्या दालनात लुकास क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराचं मेरी आणि बाळाचं चित्र आहे, बाळाजवळ द्राक्षं, काच नाही, दोर नाही, घरातल्या भिंतीवर लावावं तसं लावलेलं. वरच्या शेजघरात भिंतीभर पानाफुलांची वेलबुट्टी रंगवलीये, पंधराव्या शतकातली, आणि तिथेच खिडकीच्या जागी भिंतीबाहेर काढलेलं चिमुकलं देवघर आहे. ते बाहेर का काढलं, तर वेदीच्या डोक्यावर माणसाने राहू नये, देवाच्या वर फक्त आकाश हवं. आईला हे फार आवडलं, ती गाईडला इंग्लिशमध्ये सांगत होती की आमच्याकडेही देवघरावर पाय पडेल अशी खोली बांधत नाहीत.

मग नाइट्स हॉल. ही तिन्ही शाखांची सामाईक बैठक. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे मनातलं मोकळेपणी बोलायला परवानगी, आणि दारावर कोरलेलं गुलाबाचं फूल, म्हणजे इथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. भाऊबंद एकत्र बसून बोलणार त्या खोलीला हे दोन नियम पुरेसे आहेत आणि ते भिंतीवरच लावून ठेवलेत, मला ही गोष्ट अख्ख्या किल्ल्यात सगळ्यात मोठी वाटली.

किल्ल्यात चाळीसेक शेकोट्या आणि वीसेक संडास होते, पावसाच्या पाण्याने धुतले जाणारे, मध्ययुगाच्या मानाने हे खरंच खूप आहे. शेवटी स्वयंपाकघर, मग खाली खजिना, तिथे आपापलं फिरायचं. पाचशेच्या वर वस्तू आहेत, ऑग्सबुर्ग आणि न्यूर्नबर्गच्या सोनारांचं काम, त्यात खादाडपणाला हातगाडीत बसवून दारूबाजी ढकलत नेतेय अशी एक चांदीची आकृती आहे ती चुकवू नका.

अशी एखाद्या कुटुंबाच्या मालकीची, पण लोकांना उघडी असलेली ठिकाणं आणखी कोणी बघितली असतील तर जरूर लिहा.

रानवाटा

मस्त लिहिलंय, पण फोटो कुठायत?

मोझेलकाठी

आत फोटो काढू देत नाहीत. बाहेरचे टाकतो संध्याकाळी.

जुनी_नोट

हा किल्ला बघितल्यावर माझ्या वडिलांना लगेच ओळखता आला असता. जुन्या पाचशे मार्कच्या नोटेवर मागच्या बाजूला हाच होता, साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकात ती मालिका बंद होईपर्यंत. वडील तेव्हा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी आले होते, पाचशेची नोट त्यांच्या हातात क्वचित यायची पण चित्र पक्कं लक्षात होतं, घरी सांगायचे की त्या देशाने एवढ्या मोठ्या नोटेवर राजवाडा न छापता जंगलातलं हे घर छापलं.

इतिहासवेडा

लेख आवडला. एक भर घालतो, कारण "कधी पडला नाही" हे खरं असलं तरी कधी हरलाच नाही असा समज व्हायला नको. १३३१ ते १३३६ या काळात ट्रिअरचा आर्चबिशप बाल्डुइन याच्याशी एल्ट्झवाल्यांचा मोठा झगडा झाला. बाल्डुइनला आपल्या मुलखातल्या स्वतंत्र सरदारांना ताब्यात आणायचं होतं, एल्ट्झ, एहरेनबुर्ग, श्योनेक आणि वाल्डेक अशा चार ठिकाणच्या सरदारांनी मिळून विरोध केला. बाल्डुइनने काय केलं, तर समोरच्या उंचवट्यावर फक्त या किल्ल्यावर मारा करण्यासाठी दुसरा छोटा किल्ला बांधला, ट्रुट्झएल्ट्झ, आणि तिथून दगडी गोळे फेकत बसला. रसद तोडली. शेवटी एल्ट्झवाल्यांना नमावं लागलं, स्वतंत्र सरदार होते ते बाल्डुइनचे मांडलिक झाले, बाहेरची तटबंदी पाडावी लागली. राहतं घर मात्र वाचलं. त्या ट्रुट्झएल्ट्झचे अवशेष आजही झाडीत आहेत, किल्ल्याकडे पाठ करून वर बघितलं की दिसतात, बहुतेक लोक तिकडे बघतच नाहीत.

आणि दुसऱ्यांदा वाचला तो १६८९ मध्ये. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी त्या वेळी ऱ्हाइनच्या पट्ट्यातले किल्ले आणि शहरं पद्धतशीर जाळली, हायडेलबर्ग त्यातच गेलं. एल्ट्झ घराण्यातला हान्स आंटोन नावाचा एक जण फ्रेंच सैन्यात अधिकारी होता, त्याने शब्द टाकून या किल्ल्याचं नाव पाडायच्या यादीतून काढायला लावलं.

मोझेलकाठी

@इतिहासवेडा, ट्रुट्झएल्ट्झचं इतकं व्यवस्थित लिहिलंत, खूप आभार. वरच्या वाटेवरून ते अवशेष बघितले आम्ही, तिथून किल्ला अगदी हाताशी वाटतो, मारा का परवडला असेल ते जागेवर उभं राहिलं की कळतं.

पेठेतली

मला नाही वाटत लेखी कराराने हे टिकलं. आमच्याकडेही वाटणीपत्रं होतीच की, स्टॅम्पपेपरवर, तरी चौकात भिंत आलीच, आणि पुढे एकाने विकलं, दुसऱ्याचं कोर्टात गेलं आणि मधला भाग पावसाळ्यात बसला. एल्ट्झ टिकला तो बहुधा शाखा संपत गेल्या आणि सगळं एकाच हातात आलं म्हणून. पैसा पण होता. हे बघून आपल्या लोकांना नावं ठेवायची इच्छा होते खरी पण ते बरोबर नाही, एकेका वाड्याच्या छपराचा खर्च किती येतो ते ज्याचं त्याला माहीत.

इतिहासवेडा

@पेठेतली, मुद्दा अर्धा मान्य. रोडेनडॉर्फ शाखा १७८६ मध्ये संपली, तिचा भाग केम्पेनिशांकडे आला, आणि १८१५ मध्ये हूगो फिलिप या काउंटने र्‍यूबेनाखांचं घर विकत घेतलं, तेव्हापासून सगळा किल्ला एका शाखेकडे आहे. पण बघा, १२६८ ते १८१५ म्हणजे साडेपाचशे वर्षं तो वाटणीतच होता आणि त्या साडेपाचशे वर्षांत टिकला. एकत्र झाल्यावर टिकवणं त्या मानाने सोपं.

पैशाचं म्हणाल तर होता, आणि पदंही होती. याकोब फॉन एल्ट्झ सोळाव्या शतकात ट्रिअरचा आर्चबिशप आणि इलेक्टर झाला, फिलिप कार्ल १७३२ मध्ये माइंझचा. म्हणजे सम्राट निवडायचा मान असलेल्या मोजक्या माणसांपैकी. ज्या ट्रिअरच्या आर्चबिशपने वेढा घातला त्याच गादीवर पुढे याच घरचा माणूस बसला.

सह्यवेडी

पेठेतली +१. माझं आजोळ असंच गेलं. तरी पण मोझेलकाठींनी ते मुखवटे आणि गुलाबाबद्दल लिहिलंय ते वाचून डोळ्यात पाणी आलं, कारण आमच्याकडे बसून बोलायची जागाच राहिली नव्हती, जे काय व्हायचं ते वकिलांमार्फत.

मोझेलकाठी

@पेठेतली, तुमचं बरोबर आहे की कागद एकटा काही करत नाही. मी ते वेगळ्या प्रकारे मांडतो. त्यांनी घरं पूर्ण वेगळी केली, चूल वेगळी, जिना वेगळा, पण अंगण, दार आणि बैठकीचं दालन कधी वाटलं नाही. जे वाटलं की सगळ्यांचंच नुकसान होतं ते न वाटण्यावर एकमत होतं. शिवाय एका शाखेचा भाग पडला तर तटच उघडा पडणार होता, म्हणजे दुसऱ्याच्या छपराची काळजी घेणं यात स्वतःचा जीव वाचत होता. आपल्या वाड्यांमध्ये हे दडपण नव्हतं, मला वाटतं खरा फरक तिथे आहे.

लेकुरवाळी_स्टुटगार्ट

प्रॅक्टिकल प्रश्न विचारते. सासूबाई येणारेत, गुडघे दुखतात, आणि धाकटा स्ट्रोलरमध्ये. जमेल का? व्हेज खायला काय मिळतं?

मोझेलकाठी

@लेकुरवाळी_स्टुटगार्ट, पार्किंगपासून खाली डांबरी उतार आहे, साधारण एक किमी, सीझनमध्ये शटल बस पण असते ती घ्या, विशेषतः परतीच्या चढाला. बाबांनी तीच घेतली. पण आतल्या टूरमध्ये जिनेच जिने, अरुंद आणि झिजलेले, स्ट्रोलर आत नेता येत नाही, बाळाला कॅरिअरमध्ये घ्या. व्हीलचेअरला आतली टूर जमण्यासारखी नाही. सासूबाईंना जिने नकोच असतील तर अंगणात बसून सुद्धा दिवस सार्थकी लागतो, खरंच सांगतो. खायला तिथे साधी खानावळ आहे, पण आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती आणि ओढ्याकाठी बसून खाल्ली, तेच करा.

किल्ला एप्रिल ते ऑक्टोबर उघडा असतो, हिवाळ्यात बंद, तारखा आणि तिकीट त्यांच्या साइटवर बघून घ्या. इंग्लिश टूर मिळते. सकाळी उघडताना पोचा, दुपारी बसेस आल्या की अंगणात उभं राहायला जागा नसते, आणि आत उन्हाळ्यात पण गार असतं, सासूबाईंसाठी शाल ठेवा.

रानवाटा

चालणाऱ्यांनी मात्र मोझेलकेर्न स्टेशनवर उतरा. कोब्लेन्झ-ट्रिअर लाइनवर आहे, लोकल ट्रेन थांबते, डॉइचलांड-टिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) चालतं. गाव पार करून ओढ्याच्या काठाने रिंगेलस्टाइनर म्यूले या जुन्या गिरणीपर्यंत जायचं, तिथून पुढे जंगलातली पायवाट लागते, एकूण पाचेक किमी आणि दीड तास धरा. वाट सोपी आहे पण पावसात मुळं निसरडी होतात. या बाजूने आलं की किल्ला वरून दिसत नाही, खालून अचानक डोक्यावर येतो, मला हे जास्त आवडतं. हे जंगल राखीव आहे, वाट सोडून उतरू नका, ड्रोन तर नकोच.

कॅमेरावाला

तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि फोटो काढू द्यायचे नाहीत हे मला पटत नाही. लोकांच्या पैशावर चालतं ना? मी ऐकलंय दुरुस्तीला सरकारी पैसा पण मिळाला होता.

मोझेलकाठी

@कॅमेरावाला, २००९ ते २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली तेव्हा सरकारी मदत होती हे खरं. पण त्याआधीचा हिशेबही बघा. कार्ल नावाच्या काउंटने १८४५ मध्ये डागडुजी सुरू केली ती १८८८ पर्यंत चालली, १,८४,००० मार्क गेले, आणि ते घरचे. त्याची पद्धत पण विशेष होती, त्या काळी सगळे जण जुन्या किल्ल्यांना नटवून परीकथेतले महाल करत होते, याने जे आहे ते तसंच ठेवून फक्त सांभाळलं. नंतर १९२० मध्ये आग लागली, केम्पेनिश भागाचा बराच भाग जळाला, तो पण पुन्हा उभा केला. फोटोचं म्हणाल तर त्या खोल्या लहान आहेत, पंचवीस लोक मोबाईल वर करून उभे राहिले तर मागच्याला क्रानाख दिसणारच नाही. मला तरी मोबाईल खिशात असल्यामुळे जास्त बघता आलं.

कॅमेरावाला

गर्दीचा मुद्दा मान्य. सरकारी पैसा घेतला तर वर्षातून एक दिवस तरी फोटोसाठी ठेवावा, एवढं माझं म्हणणं राहील.

झाग्रेबहून

हे वाचून लिहावंसं वाटलं. या घराण्याची दुसरी बाजू आमच्याकडे क्रोएशियात आहे. वर ज्या फिलिप कार्लचा उल्लेख आला त्याने १७३६ मध्ये डॅन्यूबकाठी वुकोवारची जहागीर घेतली आणि तिथे एल्ट्झांचा मोठा वाडा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी कुटुंबाला तिथून निघावं लागलं, मालमत्ता जप्त झाली. १९९१ च्या वुकोवारच्या वेढ्यात वाड्याची चाळण झाली होती. कुटुंबातले याकोब एल्ट्झ नव्वदच्या दशकात क्रोएशियाच्या संसदेत सदस्य होते. २०११ पर्यंत वाडा पुन्हा बांधून झाला, आता तिथे शहराचं म्युझियम आहे. मी बघितलाय. बाहेरून पिवळा, देखणा, नदीकडे तोंड केलेला, पण आत गेल्यावर त्या गावावर काय गुजरलं ते बघून बोलवत नाही. एकाच घराण्याचं एक घर साडेआठशे वर्षं कोणी पाडलं नाही आणि दुसरं आपल्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालं, दोन्ही बघावीत.

इतिहासवेडा

हे माहीतच नव्हतं, फार मोलाची भर.

मडगावची

घराण्याच्या मालकीची उघडी ठिकाणं विचारलीत म्हणून. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं घर आहे, मडगावहून जवळ, आणि ते पण वाटणीतलंच. बाहेरून एकच लांबलचक दर्शनी भाग, ओळीने खिडक्या, आत मात्र दोन घरं. पश्चिमेकडे मेनेझेस ब्रागांझा, पूर्वेकडे ब्रागांझा परेरा. पत्रकार आणि विचारवंत लुईस दे मेनेझेस ब्रागांझा यांचं हे घर, त्यांच्या ग्रंथालयात ५००० च्या आसपास पुस्तकं आहेत. पूर्वेकडच्या घरात खाजगी चॅपेल आहे, तिथे सेंट झेवियरचं नख जपून ठेवलंय. दोन्हीकडे वेगवेगळं जावं लागतं, दोन्हीकडे देणगी द्यायची, आणि ती खरंच द्या, कारण छप्पर, कौलं, वाळवी सगळं त्यातूनच बघायचं असतं. घरातलीच माणसं दाखवतात, म्हणून मोठ्याने बोलत खुर्च्यांवर बसू नका, कोणाच्या तरी दिवाणखान्यात आहोत याचं भान ठेवा.

कोकणवाट

आणि सावंतवाडीचा राजवाडा! मोती तलावाच्या काठी. भोसले घराण्याचाच आहे, बघायला उघडा. दरबार हॉलमध्ये कलाकार गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) रंगवत बसलेले असतात, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी ही कला बुडता बुडता वाचवली. लोक गोव्याला जाताना बाहेरून पुढे निघून जातात, दोन तास थांबा.

पेठेतली

चांदोरचं वाचून बरं वाटलं. म्हणजे वाटणी होऊनही दर्शनी भाग एकच ठेवला दोघांनी. जाऊन बघणार.

लेकुरवाळी_स्टुटगार्ट

धन्यवाद @मोझेलकाठी, शाल आणि दशम्या नोट केल्या. आम्हाला स्टुटगार्टहून होहेनत्सोलर्नचा किल्ला जवळ पडतो, तो पण फॅमिलीचाच आहे ना? मग एवढं लांब एल्ट्झला का जायचं असं नवरा विचारतोय.

इतिहासवेडा

होहेनत्सोलर्न घराण्याचाच आहे, आणि योगायोगाने तोही वाटणीतला, दोन तृतीयांश प्रशियाच्या शाखेकडे आणि एक तृतीयांश श्वाबियाच्या शाखेकडे. पण आज दिसतो तो किल्ला १८५० ते १८६७ मध्ये बांधलेला, आधीचे दोन त्याच जागेवर होऊन गेले. प्रशियाचा राजमुकुट आहे, दृश्य अफाट आहे, जरूर जा. तिथे सम्राटांच्या घराण्याचा थाट बघायला मिळतो. माणसं कशी राहायची, कुठे झोपायची, कुठे भांडायची हे बघायचं असेल तर एल्ट्झच.

मोझेलकाठी

अगदी हेच. आणि नवऱ्याला सांगा की ऱ्हाइनकाठचा ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग त्याच ट्रिपमध्ये होतो, तो पण कधी न पाडलेला, जर्मन किल्ले संघटनेच्या मालकीचा. कोब्लेन्झला एक रात्र काढा, एका दिवशी एल्ट्झ, दुसऱ्या दिवशी मार्क्सबुर्ग. कोब्लेन्झमध्ये सासूबाईंना झेपेल असं नदीकाठचं फिरणं आहे, मोझेल आणि ऱ्हाइनचा संगम बघा. बाहेरचे फोटो खाली टाकलेत, शेवटचा ट्रुट्झएल्ट्झच्या वाटेवरून काढलाय.